वरची वाट

भाट्याच्या पुलावरून काजळीची खाडी ओलांडली की उजव्या हाताला सुरूचं बन लागतं. रत्नागिरीत मुक्काम असला की पहिल्या पहाटे मी तिथे जातोच. माघ महिना होता, वाळू गार होती आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यावर बन एकसारखं घुमत होतं. समुद्राचा आवाज कुठे संपतो आणि झाडांचा कुठे सुरू होतो, ते डोळे मिटून सांगता आलं नसतं.

हिमालयातले देवदार पाहून आलेला माणूस इथे क्षणभर फसतो. तशाच सुया, शंकूसारखी बोंडं, बुंध्याखाली तसाच तपकिरी पातेरा. पण सुरूची एक सुई दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढली की ती पेरापेराने सुटते. प्रत्येक सांध्याशी इवल्या खवल्यांचं कडं असतं. सुरूची खरी पानं ती. आपण जिला सुई म्हणतो ती कोवळी डहाळी. सुरू हे फुलं येणारं झाड आहे, सूचिपर्णी नव्हे. आणि ते इथलंही नव्हे; किनाऱ्याची वाळू आणि वारा अडवायला माणसाने आणून लावलेलं. कोकणच्या रानात सूचिपर्णी झाडांचं जंगल मुळात नाहीच.

त्या सकाळी एका बुंध्यावर पाठीवर पट्टे असलेली नेहमीची खार खाली तोंड करून चिटकली होती आणि शेपूट झटकत कोणाला तरी दटावत होती. तिच्याकडे बघताना मला कॅनडातल्या युकॉनच्या तांबड्या खारी आठवल्या. तिथल्या क्लुएन परिसरात १९८७ पासून शास्त्रज्ञ या खारींच्या पिढ्यामागून पिढ्यांची नोंद ठेवत आले आहेत. पांढऱ्या स्प्रूसच्या जंगलात एकेक खार आपापला तुकडा धरून असते. नर असो की मादी, बाराही महिने ती त्याची राखण करते. तुकड्याच्या मधोमध तिचं कोठार असतं: खाल्लेल्या शंकूंच्या सालपटांचा ढीग आणि त्याच्या ओलाव्यात पुरून ठेवलेले नवे शंकू. हिवाळा लांब आणि कडक. ज्या पिल्लाला थंडीआधी स्वतःचं कोठार मिळत नाही, ते बहुधा पुढचा वसंत बघत नाही. अडीचशे ग्रॅमचा जीव, पण आपल्या हद्दीवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला खडखडाटी आवाजात बजावत राहतो, कारण ती हद्द म्हणजेच त्याचं आयुष्य.

आपल्याकडे बर्फ नाही, शंकू नाहीत, कोठार नाही. मग आपल्याकडची सगळ्यात मोठी खार, शेकरू, काय राखते? हा प्रश्न घेऊन मी आजोळच्या वाटेला लागलो.

काजळी भाट्याला समुद्राला मिळते, तर तिचं वरचं अंग साखरप्याच्या बाजूला, सह्याद्रीच्या कुशीत आहे. म्हणजे माझा प्रवास नदीच्या मुखापासून उलटा, वर वर जाणारा. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे. किनाऱ्याजवळ कातळाचे सडे, त्यावर हापूसची कलमं, मोहोराचा उग्र-गोड वास. मग हळूहळू माती दिसू लागते, ऐन-किंजळाची झाडी दाटते आणि दाभोळ्यानंतर समोर सह्याद्रीची निळी भिंत उभी राहते. साखरप्यापुढे रस्ता आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जातो. आम्ही त्याआधीच आत वळतो. मामांचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं, डोंगराला पाठ लावून बसलेलं. अंगणाच्या खाली पऱ्या, म्हणजे ओढा, पऱ्याच्या काठाने नारळी-पोफळीचं आगर, आगराला लागून ग्रामदेवतेची देवरहाटी.

देवरहाटी म्हणजे देवराई. आमच्या बाजूला कोणी राई म्हणतं, कोणी रहाटी. इथल्या झाडाची फांदीही देवीला विचारल्याशिवाय तोडायची नाही. देवळाच्या कामाला लाकूड लागलं तरी गुरव कौल लावतो. कळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जगाला या रायांचं मोल कळलं. आमच्या आजीला ते कळायला अभ्यासाची गरज नव्हती. ती रहाटीत शिरताना पायातल्या वहाणा दगडी गडग्याबाहेर काढत असे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी मामांबरोबर गडगा ओलांडून आत गेलो. आत अजून रात्रच होती. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होऊन या झाडावरून त्या झाडावर गेला होता. सातविणीच्या बुंध्याला टेकून आम्ही बसलो. मामांनी बोट वर केलं. उजळत चाललेल्या आभाळावर, दोन झाडांचे शेंडे जिथे एकमेकांत शिरले होते नेमक्या तिथे, काटक्या आणि पानांचा एक मोठा गोळा दिसत होता. टोपलं पालथं घातल्यासारखा.

"एक नाय, चार आहेत," मामा कुजबुजले. "मोज."

मला तीन सापडली. शेकरू एका घरट्यावर भागवत नाही. आपल्या रानात ते अनेक घरटी बांधतं. आज इथे, उद्या तिथे झोपतं. एखादं पिल्लांसाठी ठेवतं. आणि घरटं बांधतं ते अशा जागी, जिथून शेजारच्या झाडावर पाऊल टाकता येईल. दार एकच असलेलं घर त्याला चालत नाही.

ऊन शेंड्यांवर आलं आणि बेहड्यावरून काहीतरी टपटप पडू लागलं. मी एक उचललं. बेहड्याचं फळ, अर्धं कुरतडलेलं, दातांच्या बारीक समांतर खुणा असलेलं, अजून ओलं. वर पाहिलं तर ते तिथे होतं.

शेकरू पहिल्यांदा पाहताना मन खार हा शब्द सोडून देतं. डोक्यापासून बुडख्यापर्यंत हातभर लांब, त्यामागे तेवढीच किंवा त्याहून लांब झुपकेदार शेपूट, वजन दीड-दोन किलोच्या घरात. पाठ गडद तांबूस तपकिरी, पोट सायीच्या रंगाचं, शेपटीचं टोक फिकट. फांदीवर ते लांबीने बसत नाही, आडवं बसतं. मागचे पाय सालीत रुतवून फांदीच्या एका बाजूला डोकं आणि हात, दुसऱ्या बाजूला शेपूट, आणि सगळं अंग तराजूच्या दांडीसारखं मध्ये तोललेलं. दोन्ही हात मोकळे. त्या हातांनी ते बेहडा फिरवून फिरवून कुरतडत होतं, पुरणपोळीची कड चावणाऱ्या मुलासारखं एकाग्र.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी हा. १७७७ साली युरोपीय शास्त्राच्या वहीत त्याची नोंद झाली. आपल्या लोकांच्या बोलीत ते त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. पुणे जिल्ह्यातलं भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये झालं, ते मुख्यतः त्याच्यासाठी. त्याच भीमाशंकरमध्ये आणि कर्नाटकातल्या मागोडच्या रानात रेनी बोर्जेस यांनी एकेका शेकराच्या मागे दिवसचे दिवस राहून ते काय खातं, कधी खातं, फळांचा तुटवडा पडला की कशावर जगतं, याचा हिशोब मांडला. फळं आणि बिया तर खरेच, पण कोवळी पानं, फुलं, झाडांची सालसुद्धा. इथेच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागलं. युकॉनची खार वर्षातून एकदा पिकणारे शंकू एका जागी साठवते. शेकराचं कोठार एका जागी नाही, ते वर्षभर पसरलेलं आहे. माघात बेहडा, पुढे सावरीची फुलं, मग फणस, आंबा, जांभूळ, मधूनमधून उंबर. कुठलं झाड कधी पिकतं याचं पंचांग त्याच्या डोक्यात असतं. ते राखतं ती झाडं, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारी वाट.

साडेआठच्या सुमाराला पलीकडच्या किंजळाची पानं हलली. दुसरं शेकरू आलं. अंगाने लहान, शेपटीच्या टोकाजवळ केस झडून एक खाच पडलेली. गारंबीच्या वेलावरून ते दबकत बेहड्याच्या बाहेरच्या फांदीवर उतरलं आणि एक फळ तोडलं.

बेहड्यावरचं शेकरू खाणं थांबवून तसंच बसून राहिलं. मग त्याची शेपूट एकदा झटकली, दोनदा झटकली, आणि सगळी रहाटी हादरावी असा आवाज निघाला. खर्रर्र... चक्, चक्, चक्, चक्. एवढ्या लहान छातीत एवढा आवाज मावतो कसा? लहान्याने फळ टाकलं. मोठं बुंध्यावर आलं आणि दोघांची पळापळ सुरू झाली. बुंध्याभोवती वेटोळी घेत वर, उलटं तोंड करून खाली, फांदीच्या टोकापर्यंत. टोकाला लहानं थांबलं नाही. चारी पाय पसरून त्याने स्वतःला हवेत झोकून दिलं आणि वीसेक फुटांवरच्या किंजळाच्या पाल्यात ते धप्पकन शिरलं. मोठं फांदीच्या टोकाशी थांबलं. उडी मारून पाठलाग करणं त्याला सहज शक्य होतं. त्याने केलं नाही. तिथेच बसून ते आणखी काही वेळ बजावत राहिलं, मग शांतपणे आपल्या जागी परतलं.

रक्त नाही, चावा नाही. हद्द कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. फक्त ते पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं गेलं.

"लहानगा हितलाच," मामा म्हणाले. "गेल्या वर्षीचं पिल्लू असणार. आता मोठं झालं, म्हणून हाकलतात."

थोड्या वेळाने मोरघारीची किंकाळी आभाळातून आली. त्याच क्षणी बेहड्यावरचं शेकरू नाहीसं झालं. उडालं नाही, पळालं नाही. बुंध्याला पोट चिकटवून, शेपूट सालीवर लांब सोडून ते झाडाचा एक फुगवटा झालं. जागा माहीत असूनही दुर्बिणीतून मला ते पुन्हा शोधावं लागलं. आतापर्यंत आरडाओरडा करणारा मालक पाऊण तास हलला नाही.

दुपारी मामीने शेकराची दुसरी बाजू सांगितली. तिने मला आगरात नेलं आणि माडाखाली पडलेली शहाळी दाखवली. प्रत्येकाला देठाजवळ मुठीएवढं गोल भोक, आतलं पाणी गेलेलं, कोवळं खोबरं खरवडून खाल्लेलं. एका माडाखाली अकरा होती.

"तू लांबून येतोस, तुला कौतुक वाटतं. वाटावंच," ती म्हणाली. "पण पाडेली येतो तेव्हा वर अर्धा घड रिकामा असतो. माकडं वेगळी, हा वेगळा."

तिचं म्हणणं खोटं नाही. नारळ विकून येणाऱ्या पैशावर या घरातला रोजचा खर्च चालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकराला हात लावता येत नाही, आणि मामीला तो लावायचाही नाही. देवीच्या रहाटीतला जीव तो. पण नुकसान तिचं होतं, राज्याचं नाही, आणि राज्यप्राण्याचं कौतुक करणाऱ्या आपण सगळ्यांनी हे भोक पडलेलं शहाळं एकदा हातात घेऊन बघायला हवं.

"पूर्वी एवढा येत नव्हता," मामा मध्येच म्हणाले. "चल, दाखवतो."

रहाटीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला, आम्ही चढून गेलो. गडगा संपतो तिथे एक पट्टा होता, उघडा, उन्हाने तापलेला. खाली ऐन-किंजळाची तोडलेली खोडं, त्यांना कंबरेएवढे फुटवे. पट्ट्याच्या पलीकडे पुन्हा झाडी, आणि ती झाडी तशीच वर वर जात सह्याद्रीच्या कड्याला भिडलेली. त्या कड्यापलीकडे चांदोलीचं रान. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये दोन्ही रानं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण त्या यादीची रेघ बहुतांशी घाटमाथ्यावरच थांबते. खालच्या अंगाला, आमच्या जिल्ह्यात, वनखात्याच्या ताब्यातलं रान फार थोडं. बहुतेक झाडी लोकांच्या सातबाऱ्यावरची. हा पट्टाही कोणाच्या तरी सातबाऱ्यावरचा. घरात अडचण आली, जळाऊ लाकडाला गिऱ्हाईक आलं, झाडं गेली. विकणाऱ्याला दोष कसा द्यायचा? उभ्या झाडाचे पैसे कोणी देत नाही, आडव्या झाडाचेच मिळतात.

ती रीत बदलण्याचा प्रयत्न याच तालुक्यात झाला आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने गावांशी आणि जमीनमालकांशी करार करून राया आणि खासगी झाडी राखण्याचं काम इथे केलं. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, आणि त्याच बेहड्याची फळं औषधासाठी विकता येतात. झाड उभं ठेवून त्याचे पैसे मिळू लागले, की कुऱ्हाड आपोआप थांबते.

मी तो पट्टा पावलांनी मोजला. रहाटीच्या शेवटच्या झाडाच्या पाल्यापासून पलीकडच्या पहिल्या झाडाच्या पाल्यापर्यंत अठरा पावलं. म्हणजे चाळीस फुटांच्या वर. शेकराची उडी वीस फुटांची.

जमिनीवरून चाळीस फूट म्हणजे काय आहे? आपण बोलता बोलता ओलांडतो. पण शेकरू जमिनीवर उतरत नाही म्हटलं तरी चालेल. खाली कुत्री आहेत, बिबट्या आहे, आणि ज्या अंगाची सगळी घडण झाडासाठी झाली ते अंग जमिनीवर अवघडून जातं. त्याच्या लेखी तो पट्टा म्हणजे फुटलेला पूल. डोंगराकडे जाण्याची वरची वाट तुटल्यावर त्याला मोकळी राहिली ती खालची बाजू, जिथे रहाटीची झाडं मामांच्या माडांना टेकली आहेत.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच जागी आलो. ऊन कलतं झालं होतं. रहाटीच्या शेवटच्या किंजळाच्या शेंड्याशी हालचाल झाली आणि सकाळचं लहानगं बाहेर आलं. शेपटीच्या टोकाशी तीच खाच. फांदी वाकेपर्यंत ते पुढे गेलं. मान लांब केली, पलीकडच्या झाडांकडे पाहिलं, अंग आखडून घेतलं. मी श्वास रोखला. ते तसंच दबा धरून थांबलं, मग सैल झालं. मागे फिरून दुसऱ्या फांदीच्या टोकाशी गेलं. पुन्हा तेच. तीन फांद्यांवरून त्याने तो पट्टा पाहिला आणि शेवटी रहाटीत परतलं, जिथला प्रत्येक बेहडा, प्रत्येक उंबर आधीच दुसऱ्याचा होता.

सकाळी मला वाटलं होतं, गोष्ट राखणाऱ्याची आहे. ती तेवढीच अजून जागा न मिळालेल्याची होती. आपल्या हद्दीतून पिल्लाला हाकलणं हा काही त्या थोरल्या शेकराचा दुष्टपणा नाही; रान सलग असताना तोच नेम पिल्लाला डोंगराकडे, नव्या झाडांकडे, परक्या शेकरांच्या ओळखीकडे ढकलत असतो. त्याच नेमाने रान भरतं. वाट तुटली की तोच नेम त्याला कोंडतो. देवीने रहाटी शेकडो वर्षं राखली, एक फांदी जाऊ दिली नाही. पण रहाटीबाहेरची अठरा पावलं कोणाच्याच राखणीत नव्हती. आपण झाडं मोजतो, एकर मोजतो, यादीत नावं घालतो. दोन झाडांचे शेंडे जिथे एकमेकांना लागतात, ती जोड कुठल्याच नोंदवहीत नसते. आणि वर राहणाऱ्यांचं सगळं जग त्या जोडीवर उभं असतं.

मामांनी कमरेचा कोयता काढला. पट्ट्याचा खालचा कोपरा त्यांच्या वाटणीचा. तिथल्या एका किंजळाच्या खोडाला सात-आठ फुटवे आले होते. दर वर्षी तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायला पाल्या-डहाळ्यांची कवळ लागते, आणि असे कोवळे फुटवे कवळीला सगळ्यात सोयीचे. मामांनी वाकून एकेक फुटवा हाताने चाचपला. वाकडे, बारीक, आत दाटलेले असे सगळे बुडातून छाटले. एक ठेवला, सरळ, अंगठ्याएवढा जाड. मग पुढच्या खोडाशी गेले आणि तिथेही तेच केलं. कवळीचा भारा झाला, आणि खोडाखोडावर एकेक काठी उभी राहिली.

"हा एकटा राहिला की सगळं बळ यालाच," ते म्हणाले. "दहाएक पावसाळे लागतील."

वरच्या वाटणीतल्या चुलतभावाशी बोलणं चालू आहे, असंही त्यांनी सांगितलं. तो अजून हो म्हणालेला नाही. मी भारा बांधायला दोरी पुढे केली. अंधार पडता पडता रहाटीतून एकदाच आवाज आला, खर्रर्र, चक्, चक्, आणि थांबला. मामांनी शेवटच्या फुटव्याभोवती आलेलं गवत हाताने उपटलं, त्याच्या बुडाशी ओलसर पातेरा लोटला आणि कोयता कमरेला खोवला.